वेगाची हौस आणि पाठीचे मणके

मराठी घरांत सर्वांत जास्त चर्चा झालेली स्पोर्ट्स कार बहुधा सचिन तेंडुलकरची लाल फेरारीच असावी. २००२ मध्ये भेट मिळालेल्या त्या गाडीच्या शुल्कमाफीवरून २००३ मध्ये केवढा गदारोळ उठला होता! पुढे २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. म्हणजे फेरारीही अखेर सेकंडहँड झालीच. आपल्या आवाक्यातला प्रश्न मात्र वेगळा आहे. घरात नव्या गाडीचा विषय निघतो आणि मुलगा (पुष्कळदा चाळिशी ओलांडलेले त्याचे वडीलच) म्हणतो, नव्या साध्या गाडीच्या पैशांत सात-आठ वर्षे वापरलेली वेगवान गाडी येत असेल, तर ती का घेऊ नये?

प्रश्न रास्त आहे. हौसेला मोल नसते हेही खरे. पण ही गाडी रविवारी सकाळी लोणावळ्याला जाऊन येण्यापुरती नाही. ती रोज कात्रजहून हिंजवडीला जायची आहे, आणि अधूनमधून आईला डॉक्टरांकडे न्यायची आहे. अशा वेळी इंजिनाच्या ताकदीपेक्षा सस्पेन्शन महत्त्वाचे ठरते. जाहिरातीत नेमके त्याबद्दल अवाक्षर नसते.

आपले रस्ते कसे आहेत, हे वाचकांना सांगायला नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे पसरट हवा. प्रत्यक्षात आपल्या गल्लीतला गतिरोधक एखाद्या बांधासारखा उभा असतो. बुटक्या गाडीचे बूड त्यावर घासले की बसणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो.

गाडीचा आरामशीरपणा नुसत्या स्प्रिंगवर ठरत नाही. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का झेलते. शॉकअॅब्सॉर्बर तिचे हेलकावे थांबवतो. पण खड्ड्याचा पहिला तडाखा घेतो तो टायर. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसचेच उदाहरण घ्या. चार दारे, भलीमोठी डिकी आणि वेगाची खुमखुमी, असे हे दुर्मीळ रसायन. २०१७ मध्ये आपल्याकडे आलेल्या आरएस २३० ला १७ इंची चाके होती, टायर २२५/४५. २०२० मध्ये मोजक्याच संख्येने आलेल्या आरएस २४५ ला १८ इंची चाके, टायर २२५/४०. यातला दुसरा आकडा म्हणजे टायरच्या रुंदीच्या किती टक्के त्याची भिंत उंच आहे ते. गणित केले तर पहिल्याची भिंत सुमारे १०१ मिलिमीटर आणि दुसऱ्याची ९०. एवढ्याशा ११ मिलिमीटरने काय होते, असे वाटेल. पण तेवढेच रबर आपल्या कमरेच्या आणि खड्ड्याच्या मध्ये असते! रोजच्या वापराला मी तरी जुनी २३० च पसंत करीन. २४५ चा रुबाब जास्त, हे मान्य.

खरी मेख आहे ती आधीच्या मालकात. हौशी मालक गाडी आणखी खाली बसावी म्हणून स्प्रिंगा बदलतात, काही महाभाग तर त्या कापतात, आणि चाकेही मोठी घालतात. अशी गाडी दिसायला झकास असते; पण तिच्या वाटेला जाऊ नये. मूळ रचनेतले असे बदल विम्याच्या दाव्याच्या वेळीही अंगाशी येऊ शकतात. बटण दाबून मऊ-कडक होणारे शॉकअॅब्सॉर्बर असतील तर फारच सुखद. फक्त ते बदलायची वेळ आली की खर्च साध्यांच्या कितीतरी पट होतो.

गाडी पाहायला जाताना ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावाच. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी. डोलत राहिली तर शॉकअॅब्सॉर्बर संपले समजा. मात्र या परीक्षेत पास झालेली गाडी निर्दोष असतेच असे नाही. म्हणून ती लिफ्टवर चढवून तेलगळती, चिरलेले रबरी बुश, वाकलेल्या रिमा पाहाव्यात. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर त्याचे कारण विचारावे. आणि किंमत ठरवतानाच सस्पेन्शनच्या कामाचे पैसे वेगळे काढून ठेवावेत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात घरात धुसफूस सुरू होते.

विक्रेता चक्कर मारायला नेतो तो नेहमी गुळगुळीत रस्त्यावरून. आपण आपल्या रस्त्याने जाण्याचा आग्रह धरावा. घरातल्या ज्येष्ठांना मागे बसवावे, त्यांना उतरता-चढता येते का पाहावे, आणि गाडी कशी पळते हे त्यांना मुळीच विचारू नये. घरी परतल्यावर त्यांनी कमरेला हात लावला की नाही, तेवढे पाहावे.