हा ‘वाद’ नाही, ही चोरी आहे!

तळाशीलला कधी गेलात तर बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांखाली घरं. अशा गावांत रापण म्हणजे नुसतं जाळं नव्हे. होडीने जाळं समुद्रात सोडायचं, किनाऱ्यावरून दोन्हीकडचे दोर सगळ्यांनी मिळून ओढायचे आणि येईल त्या मासळीचे वाटे घालायचे. जो दोर ओढेल त्याला वाटा.

पण मासळी किनाऱ्याकडे आली तरच रापणीला मिळणार ना? रात्री जनरेटर लावून भर समुद्रात दिवस करणारे एलईडीवाले ती बाहेरच उचलतात, पिल्लांसकट. केंद्राने ही मासेमारी २०१७ सालीच बंद केली. तरी झगमगाट किनाऱ्यावरून दिसतो. आम्हाला दिसतो, मग खात्याला का दिसत नाही?

आधी सबब होती, केस तहसीलदारांकडे रखडते. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढला, निकालाचा अधिकारही मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे आला. आता कोणती सबब?

आणि आम्ही पत्रकार? ‘पारंपरिक विरुद्ध आधुनिक मच्छीमार वाद’ असं हेडिंग देऊन मोकळे. मीही दिलंय. चुकलंच. घरफोडी झाली तर ‘घरमालक विरुद्ध चोर वाद’ असं कोणी छापतं का?

मागणी साधी आहे. किती नौका पकडल्या, किती दंड खरोखर वसूल झाला, ते दर महिन्याला जाहीर करा. मतं मागायला येतील त्यांनाही हेच विचारा. रापणीचा दोर एकट्याने ओढला जात नाही, हासुद्धा नाही.