समीक्षकाची बदली आणि वाद्यवृंदाचा ताळेबंद

जुलै 2025 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाने आपल्या चार समीक्षकांना त्यांच्या जागांवरून हलवून अन्य कामे दिली. त्यांत पाश्चात्त्य अभिजात संगीताचे समीक्षकही होते. वाचकांच्या सवयी पालटल्या आहेत, तेव्हा समीक्षेचे रूपही पालटले पाहिजे, अशी त्यामागील भूमिका होती. आपल्याकडे या बातमीची दखल फारशी कोणी घेतली नाही आणि त्यात नवलही नाही. सातासमुद्रापलीकडच्या एका वृत्तपत्रातील खातेबदलाशी आपला काय संबंध? परंतु सिंफनी वाद्यवृंदासारखी संस्था कशाच्या बळावर उभी राहते, याचा विचार करू लागले की ही घटना तितकी किरकोळ वाटत नाही. यासंदर्भात अमेरिकेतीलच एक जुने प्रकरण आठवते, आणि ते अधिक बोधप्रद आहे.

ओहायो राज्यातील क्लीव्हलँड हे एकेकाळचे पोलादाचे शहर. तेथील वाद्यवृंद 1918 साली स्थापन झाला. 1946 ते 1970 या काळात जॉर्ज सेल या करड्या शिस्तीच्या संचालकाने त्याला जगातील अग्रगण्य वाद्यवृंदांच्या पंक्तीस नेऊन बसविले. कारखाने बंद पडले, लोकसंख्या रोडावली, पण वाद्यवृंदाची कीर्ती टिकली. 2002 मध्ये ऑस्ट्रियाचे फ्रान्झ वेल्झर-म्योस्ट त्याचे संगीत संचालक झाले. 'प्लेन डीलर' या स्थानिक दैनिकाचे संगीतसमीक्षक डोनाल्ड रोझेनबर्ग यांना त्यांचे संचालन पसंत पडेना. वादकांची गुणवत्ता ते मान्य करीत. मात्र संचालकाच्या सादरीकरणात त्यांना खोलीचा व उत्कटतेचा अभाव जाणवे आणि ते तसे वारंवार लिहीत. या वाद्यवृंदाचा बृहद् इतिहास 2000 साली त्यांनीच प्रसिद्ध केला होता. म्हणजे हा वैऱ्याचा आवाज नव्हता. 2008 च्या सप्टेंबरात वृत्तपत्राने त्यांच्याकडून वाद्यवृंदाच्या समीक्षेचे काम काढून घेतले. नोकरी राहिली, विषय गेला. रोझेनबर्ग यांनी वृत्तपत्रावर आणि वाद्यवृंद चालविणाऱ्या संस्थेवर दावा लावला. 2010 मध्ये ज्यूरीने तो फेटाळला.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. कोणी काय लिहावे हे ठरविण्याचा अधिकार संपादकाचाच असतो. शिवाय दुसरी बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. ज्या शहरात एकच मोठे दैनिक उरते, तेथे एका माणसाचे मत हेच शहराचे मत बनते. न्यूयॉर्क आणि युरोपातील अनेक समीक्षक याच संचालकाची व याच वाद्यवृंदाची मुक्तकंठाने प्रशंसा करीत होते. एक समीक्षक वर्षानुवर्षे त्याच माणसाविषयी तोच निर्णय देऊ लागला, तर वाचक पहिल्या दोन ओळींतच पुढचे ओळखतो. परंतु यावर उपाय दुसरा समीक्षक जोडीला देणे हा होता. पहिल्याला दूर करणे हा नव्हे.

येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला थोडे आपल्या विषयाकडे वळू द्यावे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुद्दा सोपा आहे. कापड गिरणीत नवे यंत्र आले की तेवढेच कापड कमी माणसांत निघते. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी 1808 मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली. तिला जेवढे वादक आणि जेवढा वेळ लागे, साधारण तेवढाच आजही लागतो. व्हायोलिनवादक कमी करून उत्पादकता वाढविता येत नाही, आणि अर्ध्या तासाची रचना पंधरा मिनिटांत उरकता येत नाही. इतर क्षेत्रांतील वेतने मात्र वाढत जातात आणि त्यांच्या मागोमाग वादकांचेही वेतन वाढवावेच लागते. परिणामी तिकिटांचे उत्पन्न आणि खर्च यांतील अंतर वाढत जाते. हा व्यवस्थापनाचा दोष नसून या व्यवसायाचा स्वभाव आहे. 2011 मध्ये फिलाडेल्फियासारख्या विख्यात वाद्यवृंदाला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

ही तूट कोणीतरी भरून काढतो: युरोपात बव्हंशी सरकार किंवा नगरपालिका, अमेरिकेत देणगीदार आणि स्थायी निधी. येथेच खरी अडचण सुरू होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाचा कस ग्राहक आपल्या खिशातून ठरवितो. वाद्यवृंदाचा खर्च ज्यांच्या पैशांवर चालतो, त्यांपैकी बहुतेकांना दर्जा पारखता येत नाही, आणि सभागृह भरले एवढ्यावरून तो सिद्धही होत नाही. नामांकित एकलवादक बोलावला की सभागृह भरते. मग पैसा सार्थकी लागतो आहे की नाही, हे सांगणार कोण? व्यवस्थापन सांगणार नाही, कारण ते पक्षकार आहे. राहतो तो समीक्षक. ज्याला देणगी मिळवायची नाही आणि संचालकाची मर्जीही सांभाळायची नाही.

क्लीव्हलँडमध्ये नेमके काय हरवले, ते आता स्पष्ट होईल. रोझेनबर्ग यांचे मत बरोबर की चूक, हा प्रश्न गौण आहे. चलनाचा पुरवठा बेसुमार झाला की त्याची किंमत घसरते, तसेच स्तुतीचेही असते. प्रतिकूल लिहिणाऱ्याची बदली होते हे एकदा वाचकाला कळले की नंतर येणाऱ्या प्रत्येक अनुकूल परीक्षणाचे अवमूल्यन होते, मग ते कितीही प्रामाणिक असो. वाद्यवृंदाला उत्तम वाजविण्याचे श्रेय स्वतःच्याच शहरात निःशंकपणे मिळण्याची सोय राहिली नाही.

मुंबईसाठी हा प्रश्न परका नाही. नरिमन पॉइंट येथील एनसीपीएमध्ये 2006 साली खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्यात भारतीय वादक थोडे आणि परदेशांतून, विशेषतः कझाकस्तानातून येणारे पुष्कळ, ही वस्तुस्थिती सर्वज्ञात आहे. येथेच वादक घडावेत म्हणून 2012 मध्ये मुलांसाठी पद्धतशीर शिक्षणही सुरू करण्यात आले. हा उपक्रम धाडसाचा आहे. परंतु त्याच्या मैफलींविषयी आपण वाचतो काय? आधी मुलाखती, नंतर छायाचित्रे. क्वचित कोठे परीक्षण आलेच, तर त्यात अभिमान अधिक आणि निदान कमी. हंगामापुरते एकत्र येणारे वादक एका आवाजात वाजवू लागतात काय? पितळी वाद्ये तंतुवाद्यांना झाकून टाकतात काय? सलग दहा वर्षे एकाच खुर्चीत बसून ऐकणारा माणूसच हे सांगू शकतो. 2015 मध्ये याच वाद्यवृंदाबरोबर झाकीर हुसेन यांनी आपला तबल्याचा काँचेर्टो 'पेशकार' प्रथम सादर केला. त्याची परीक्षा करण्यास एक कान तबल्याचा हवा आणि एक सिंफनीचा. त्यांपैकी पहिला मराठी माणसाला परका खासच नाही.

असा माणूस पगारी हवाच असे मात्र नाही. 'घरंदाज गायकी' (1961) लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. हिशेब तपासण्याची सवय त्यांना घराण्यांची गायकी तपासताना उपयोगी पडली असावी, असा प्रस्तुत लेखकाचा एक लाडका तर्क आहे. त्यांच्यासारख्या रसिकाला दैनिकाने महिन्यातून दोनदा दीड स्तंभ जागा दिली, तिकीट संस्थेकडून न घेता स्वतः काढून दिले आणि संस्थेचा दूरध्वनी आला तरी मजकुराला हात लावला नाही, तर खर्च कितीसा येणार? एका पानभर रंगीत जाहिरातीच्या उत्पन्नापुढे तो नगण्य ठरेल.

वेल्झर-म्योस्ट 2027 मध्ये क्लीव्हलँड सोडणार असल्याचे 2024 च्या प्रारंभीच जाहीर झाले. त्यांच्या पंचवीस वर्षांचा आढावा घेणाऱ्याला पहिल्या सहा वर्षांची रोखठोक, कदाचित अन्यायकारकही, पण निर्भीड नोंद तेथील वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत सापडेल. मुंबईच्या वाद्यवृंदाचा इतिहास उद्या कोणी लिहू लागला, तर कार्यक्रमपत्रिका आणि छायाचित्रे त्याला विपुल मिळतील. तंतुवाद्यांचा मेळ नेमका कोणत्या हंगामात जमू लागला, हे त्याने कोणाला विचारावे?