गुप्तहेराचा अहवाल

चिलीमधल्या एका वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात येते. ऐंशी ते नव्वद वयाचा, निवृत्त, तब्येतीने ठणठणीत आणि मोबाइल हाताळता येणारा पुरुष कामासाठी हवा आहे. या वयात आपल्याला नोकरी कोण देणार, या कुतूहलापोटी आजोबा मंडळी मुलाखतीला हजर होतात. रोमुलो आइत्केन हा खासगी गुप्तहेर त्यांच्या हातात मोबाइल देऊन फोटो काढायला सांगतो आणि मग जी धांदल उडते, तिथे चित्रपटातलं पहिलं हसू येतं. निवड होते ती ८३ वर्षांच्या सेर्हिओ चामी यांची. पत्नीला जाऊन काही महिनेच झालेले, घर खायला उठलेलं. कामगिरी अशी, की एल मोन्ते गावातल्या सान फ्रान्सिस्को वृद्धाश्रमात रहिवासी म्हणून दाखल व्हायचं आणि तिथल्या एका आजींची आबाळ होते का, त्यांच्या वस्तू चोरीला जातात का, याचा छडा लावायचा. आजींच्या मुलीला तसा संशय आहे.

चिलीच्या दिग्दर्शिका माइते अल्बेर्दी यांचा ‘द मोल एजंट’ असा सुरू होतो. खिडकीच्या पट्ट्यांतून येणारा उजेड, जुन्या हेरपटांसारखं संगीत. हे सगळं रचलेलं असावं, असं वाटत राहतं. पण हा माहितीपट आहे. माणसं खरी, आश्रम खरा, गुप्तहेरही खराच. स्वतंत्रपणे, अनेक देशांतून पैसा उभा करून केलेला हा चित्रपट जानेवारी २०२० मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि २०२१ च्या ऑस्करसाठी माहितीपट विभागाच्या अंतिम पाचांत पोहोचला. २०२४ मध्ये त्यावरून ‘अ मॅन ऑन द इनसाइड’ ही अमेरिकी मालिकाही आली. दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर तो येण्याचं कारण मात्र यापैकी कोणतंच नाही. म्हातारपणाविषयी आपण कसं लिहितो, हा प्रश्न या अंकाची आखणी सुरू असतानाच या चित्रपटाने समोर आणून ठेवला.

आधी एका खटकणाऱ्या गोष्टीविषयी. म्हातारपणावर माहितीपट करतोय, असं सांगून चित्रीकरणाची परवानगी घेतली होती. सेर्हिओ येण्याआधीच कॅमेरा आश्रमात रुळला होता. कुणी नवीन रहिवासी आला तर त्याचंही चित्रण करू, एवढंच कळवलं होतं. तो नवीन रहिवासी हेर आहे, हे आश्रमाला ठाऊक नव्हतं. ज्यांना विचारण्याची सवयच जगाने सोडून दिली आहे, अशा माणसांच्या बाबतीत ही लपवाछपवी सहज सोडून देता येत नाही. पुढे चित्रपट आश्रमातल्या लोकांना दाखवला गेला, तरी प्रश्न उरतोच. तो उरतो म्हणूनच, इतक्या आडवाटेने आत शिरलेल्या कॅमेऱ्याला काय सापडलं, हे नीट पाहायला हवं.

सेर्हिओ हेर म्हणून तसे कच्चेच. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्या आजी नेमक्या कोणत्या, हे शोधतानाच त्यांची पुरेवाट होते. पण माणूस टापटीप आणि गोड बोलणारा. आश्रमात बायकाच जास्त, पुरुष मोजके. त्यामुळे त्यांच्याभोवती गप्पांचा फड जमायला वेळ लागत नाही. बेर्ता नावाच्या अविवाहित, देवभोळ्या आजी तर प्रेमातच पडतात आणि ते लपवतही नाहीत. सेर्हिओ त्यांना दुखावत नाहीत; आपण अजून पत्नीच्या दुःखातून सावरलेलो नाही, असं हळुवारपणे सांगतात. एक आजी स्वतःच्या कविता म्हणून दाखवतात. मार्ता इतरांच्या चीजवस्तू गुपचूप उचलतात आणि लोखंडी फाटकाशी उभ्या राहून रस्त्याने जाणाऱ्यांना आपल्याला बाहेर काढायला सांगतात. त्यांना आईची आठवण येते, तेव्हा आश्रमातल्या बाया फोनवर त्यांची आई होऊन बोलतात.

रुबिरा यांची गोष्ट सर्वांत जिव्हारी लागते. आपली स्मृती निसटतेय, हे त्यांना उमगलंय. मुलं येऊन गेली की नाही, हे त्यांना आठवत नाही आणि त्या भीतीने त्या रडतात. सेर्हिओ समजूत घालून थांबत नाहीत. बाहेरच्या गुप्तहेराला कामाला लावून ते रुबिरांच्या मुलांचे फोटो मागवतात. चेहरे समोर असले, तर आठवण टिकायला तेवढाच आधार. ज्या यंत्रणेने चोर शोधायचा, तीच एका बाईसाठी फोटो शोधू लागते.

मुक्काम संपताना सेर्हिओ अहवाल देतात. आजींना कुणी छळत नाही, काळजी व्यवस्थित घेतली जाते. इथल्या माणसांना एकटं वाटतं, कारण त्यांना भेटायला कुणी येत नाही. आईचं कसं चाललंय हे जाणून घ्यायचं असेल, तर मुलीने स्वतः यावं. गुन्हा शोधायला गेलेल्या माणसाने काम सोपवणाऱ्यांकडेच बोट दाखवलं.

चित्रपटाचा हा भाग आपल्याकडे लगेच पोहोचतो, कारण ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं. त्यानंतर दळवींचं ‘संध्याछाया’ आलं. मुलांच्या दारात किंवा मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं म्हातारपण मराठी प्रेक्षकाने अश्रूंनी जवळ केलं. ती नाटकं मोठीच आहेत. पण त्यांच्या मागोमाग जी शेकडो भाषणं, लेख आणि ध्वनिचित्रफिती आल्या, त्यांत वृद्धाश्रम म्हणजे मुलांवरचा खटला आणि आत राहणारे म्हणजे त्या खटल्यातला पुरावा, एवढंच उरलं. ते कुणाचे तरी आईवडील आहेत, याच्या पलीकडे त्यांच्याविषयी काही विचारायचं राहून गेलं. त्यांना मत्सर वाटतो का? कविता सुचते का? नव्याने प्रेमात पडावंसं वाटतं का?

अल्बेर्दींना हे विचारावंसं वाटलं. आधीच्या ‘ला ओन्से’मध्ये त्यांनी स्वतःची आजी आणि दर महिन्याला चहाला जमणाऱ्या तिच्या शाळकरी मैत्रिणी टिपल्या होत्या. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने हे केलं. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी उभा केलेला हा माणूस कुणाच्या दयेचा विषय होत नाही. त्याचं कुतूहल, त्याचा हट्ट, त्याचा आनंद त्याचाच राहतो. मुलीची दमछाकही चित्रपट समजून घेतो, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही.

हा विषय थोड्याथोडक्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. महाराष्ट्रात त्यांचं प्रमाण ९.९ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के होतं. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना आणि ज्येष्ठांना निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढण्याची तरतूद केली. कायदा पोटाची आणि डोक्यावरच्या छपराची हमी देऊ शकतो, आणि ती हवीच. फोटो मागवून देणारा माणूस त्याच्या कलमांत बसत नाही.

म्हणून या अंकाच्या विशेष विभागात वृद्धाश्रमांविषयी एकही लेख नाही. तिथे राहणाऱ्यांनी लिहिलेले लेख आहेत. मुलांविषयी लिहायचंच असं नाही, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यातून गिरणीतल्या पाळ्या आल्या, पोहायला शिकल्याची हकिकत आली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी वर्षभर चाललेलं भांडण आलं आणि एक प्रेमपत्रही आलं. दोघांनी मुलांविषयीच लिहिलं. तेही जसंच्या तसं छापलं आहे.

दिवाळीच्या चार दिवसांत वृद्धाश्रमांत फराळाची पाकिटं आणि फोटो काढणारी मंडळी भरपूर येतात. तो उत्साह खोटा नसतो. पण भाऊबीज उलटली की फाटकाशी वर्दळ थांबते. वाचकांना एकच विनंती आहे. या विभागातला जो लेख आवडेल किंवा अजिबात पटणार नाही, त्याच्या लेखकाला तसं पत्र लिहावं, आणि दिवाळीनंतर लिहावं. पत्रं अंकाच्या पत्त्यावर पाठवली, तर ती न उघडता पोहोचवली जातील. लेखकांनी वाद घालण्याची तयारी कळवली आहे.