खंड दिला, पण पावती कुठे आहे?



दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली, की आपल्या खाडीकाठच्या गावांतून एक भांडण हमखास डोके वर काढते. कूळ म्हणते, "खंड दिला." जमीनमालक म्हणतो, "मला मिळाला नाही." गावकीत बैठक बसते, दोन्हीकडचे म्हातारे शपथा घेतात, एखादा मध्यस्थ समजूत घालू पाहतो आणि शेवटी प्रकरण पेणच्या तहसील कचेरीत जाते. तिथे पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच : पावती आहे का? बहुतेक वेळा उत्तर येते, "साहेब, घरातलाच व्यवहार, पावती कसली मागायची?"

आजचा विषय हाच आहे. डोलवी, गडब, वडखळ या पट्ट्यात पोलादाचा कारखाना आला, खाडीला धक्के झाले, जमिनीला भाव आला. वीस वर्षांपूर्वी ज्या खाचराकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्या खाचराच्या सातबाऱ्यावर आज दहा नजरा खिळलेल्या असतात. अशा वेळी एका वर्षाचा खंड चुकला की नाही, हा प्रश्न दोनचार मण भातापुरता राहत नाही. कुळाच्या हातात जमीन राहणार की जाणार, इथवर तो ताणला जातो.

ही रक्कम 'हरवते' कशी, ते आधी पाहू.

पहिली तऱ्हा मध्यस्थाची. मालक मुंबईला किंवा ठाण्याला. खंडाचे पैसे त्याच्या गावातल्या पुतण्याकडे किंवा मेव्हण्याकडे दिले जातात. पैसे पुढे पोचले की मधेच घरखर्चाला गेले, हे कुळाला कळत नाही. चार वर्षांनी मालक वारतो, मुले वारस म्हणून नोंद करून घेतात आणि विचारतात, "बाबांच्या वहीत तुमचे नाव कुठे आहे?"

दुसरी तऱ्हा मापाची. खंड भातात ठरलेला असतो. कूळ मोजून देते, मालक आपल्या मापाने घेतो. ओले भात, पोचट दाणे, पायलीची शीग, यावरून आठदहा किलोची तूट निघते. ती तूट 'बाकी' म्हणून पुढच्या वर्षात ओढली जाते आणि तीन वर्षांत तिचा डोंगर होतो.

तिसरी तऱ्हा खास आपल्या खारभूमीची. उधाणाला बांध फुटतो, उघाडी निकामी होते, खारे पाणी शेतात शिरते. त्या वर्षी पीक नाही. मालक तोंडी म्हणतो, "यंदाचा खंड राहू दे, तू बांध घाल." कूळ घरच्या माणसांना घेऊन बांधबंदिस्ती करते. पुढे संबंध बिघडले की तेच वर्ष 'थकबाकीचे' म्हणून समोर ठेवले जाते. बांधावर गाळलेल्या घामाचा कागद कुणाकडेच नसतो.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ध्यानात घ्या. १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, ज्याला आपण सरळ 'कूळकायदा' म्हणतो, त्याच्या कलम २६ मध्ये खंड घेतानाच मालकाने किंवा त्याच्या वतीने घेणाऱ्याने लेखी पावती दिली पाहिजे, असे बंधन आहे. म्हणजे पावती मागणे हा उद्धटपणा नाही आणि देणे हे उपकार नाहीत. त्याच कलमात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. कुळाने वेगळे काही लेखी कळवले नसेल, तर दिलेली रक्कम ज्या वर्षी दिली त्याच वर्षाच्या खंडाची धरली जाते.

खंड थकला म्हणून मालकाला कुळाच्या शेतात नांगर घालता येत नाही. कलम १४ प्रमाणे तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि ताबा हवा असेल तर कलम २९ खाली तहसीलदारांचा हुकूम आणावा लागतो. कलम २५ प्रमाणे तहसीलदार कुळाला थकबाकी व खर्च भरण्यासाठी १५ दिवसांची मुदत देतात; ती रक्कम भरली तर कूळ जमिनीवर कायम राहते. परंतु ही सवलत बेमुदत नाही. तीन वर्षे खंड थकला आणि प्रत्येक वेळी मालकाने तीन महिन्यांच्या आत तसे लेखी कळवले असेल, तर तिचा आधार उरत नाही. सबब, मालकाकडून आलेला कागद न वाचता देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नका.

पीक बुडाल्याबद्दलही तरतूद आहे. सरकारने जमीन महसूल तहकूब किंवा माफ केला, तर कलम १३ प्रमाणे मालकालाही त्या प्रमाणात खंड तहकूब किंवा माफ करावा लागतो. बांध फुटला की पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागून घ्या, असे आम्ही वारंवार सांगतो, ते नुकसानभरपाईइतकेच यासाठीही.

हे कायदे आकाशातून पडलेले नाहीत. ते मिळवायला आपल्याच जिल्ह्यातील माणसांनी उपास काढले आहेत. धरमतरची खाडी ओलांडली की अलिबाग तालुक्यातले चरी गाव लागते. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत, असा तो निर्धार होता. सहा वर्षे जमिनी पडीक राहिल्या. संप १९३९ पर्यंत चालला. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला शेतकरी परिषदेसाठी आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. पुढे १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा कायदा आणि १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा आला. खोताच्या वहीत काय लिहिले आहे हे कुळाला कधी वाचता येत नव्हते, त्या काळातून आपण इथवर आलो. आज घरोघर शिकलेली मुले आहेत, तरी खंडाचा हिशोब तोंडीच ठेवायचा, ही गोष्ट त्या सहा वर्षांना शोभणारी नाही.

१ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने अनेक कुळांना कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले. तिथेही कागदाचाच प्रश्न राहिला आहे. कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, ती सरकारी आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान. जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत ती भरायची आणि पूर्ण भरली की ३२ म चे प्रमाणपत्र मिळायचे. आजोबांनी हप्ते भरले. पण चलने उधईने खाल्ली आणि प्रमाणपत्र आणायला कोणी गेलेच नाही, अशा घरांत आज नातवंडे हेलपाटे घालतात. तुमच्या घरात जुनी पत्र्याची पेटी असेल तर या आठवड्यात उघडा. चलन सापडले तर त्याच्या प्रती काढा आणि प्रमाणपत्रासाठी तहसील कचेरीत अर्ज करा.

आता मालकांची बाजू. ती टाळून चालणार नाही. पावती दिली तर कूळ लागेल, या भीतीने आज कित्येक मालक जमीन खंडाने देतात, पण कागद करत नाहीत. ही भीती अगदीच निराधार नाही. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस मालकाच्या कुटुंबातला, मजुरीवरचा गडी किंवा ताबेगहाणदार नसेल, तर कलम ४ त्याला कूळ मानते. कृषक दिनानंतर सुरू झालेल्या कुळवहिवाटीतही कलम ३२ ओ खाली एका वर्षाच्या आत खरेदीचा हक्क सांगता येतो. म्हणून काही मालक दरवर्षी कसणारा बदलतात, काही जमीन ओसाड ठेवतात. यात जमिनीचेही नुकसान आहे. ज्याला पुढच्या वर्षी शेत मिळेल याची खात्री नाही, तो शेणखत कशाला टाकील आणि बांध कशाला नीट करील?

पण मालकांनी हेही समजून घ्यावे की पावती लपवल्याने कुळवहिवाट लपत नाही. वाद उभा राहिला तर ताबा, साक्षीदार, सातबारा व गाव नमुना ७ अ मधील नोंदी यांवरून निर्णय होतो. पावती नसल्याने मालकाचा फायदा एवढाच की खंड मिळाल्याचा पुरावा नाही. आणि तोटा असा की किती ठरला होता व किती थकला, हे त्यालाही दाखवता येत नाही. नीती आयोगाने २०१६ साली आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला तो याच कोंडीसाठी : मालकाची मालकी सुरक्षित राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, भरपाई मिळावी. हा विचार पुढे गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आज पीक विम्यात भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्यालाही भाग घेता येतो, पण त्याला नोंदणीकृत करार लागतो. तोंडी खंडाने कसणारा तिथे बाहेरच राहतो. पीक बुडते त्याचे आणि भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने निघते.

तर मग करायचे काय? फार मोठे काही नाही.

एक, खंड ज्याच्या हाती द्याल त्याची सही घ्या. साध्या वहीच्या पानावर तारीख, वर्ष, गट नंबर, क्षेत्र, रक्कम किंवा भाताचे वजन, देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, आणि दोन साक्षीदार. रक्कम पाच हजारांवर असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावा.

दोन, मध्यस्थाकडे रोख देऊ नका. मालकाच्या बँक खात्यात भरा. मोबाईलवरून पाठवलेत तर वर्ष आणि गट नंबर लिहा आणि खात्याचा उतारा काढून ठेवा. मोबाईल पाण्यात पडतो.

तीन, भातात खंड असेल तर काट्यावर वजन करा आणि तो आकडा पावतीत लिहा.

चार, मालक घेतच नसेल तर पोचपावतीसह टपालाने लेखी कळवा आणि तहसीलदारांकडे अर्ज देऊन पोच घ्या.

पाच, एखाद्या वर्षाचा खंड माफ झाला, किंवा बांधाच्या कामापोटी वळता झाला, तर तेही त्याच दिवशी लिहून घ्या.

ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांनाही दोन शब्द. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचायतीचे अधिकारी आणि आम्ही कृषी खात्याची माणसे, आपण शेतकऱ्याच्या बांधावर वर्षातून अनेकदा जातो. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू झाली. पीक कोणते आहे ते आपण विचारतो, कसतो कोण हे विचारायला कचरतो. 'वादात कशाला पडा' ही आपली सवय. पण ग्रामसभेत पावतीचा छापील नमुना वाटणे, चावडीवर तो लावणे, निरक्षर कुळाला भरून देणे, यात कोणाची बाजू घेणे नाही. वाद उभा राहण्याआधी केलेले हे काम आहे. बियाण्याला पेरणीआधी मिठाच्या पाण्याची प्रक्रिया आपण याच कारणासाठी सांगतो. रोग पडल्यावर फवारण्या करून किती पीक हाती लागते ते सर्वांना ठाऊक आहे.

राहता राहिली भीड. "इतक्या वर्षांचे संबंध, पावती मागितली तर मालकाला काय वाटेल?" बंधूंनो, संबंध तुमच्या आणि त्यांच्या हयातीपुरते. पुढच्या पिढीतली पोरे एकमेकांना ओळखणारही नाहीत. त्यांच्यासमोर फक्त कागद असेल. यंदाचा खंड अजून दिला नसेल, तर देताना वही आणि पेन बरोबर न्या. दिला असेल, तर याच आठवड्यात जाऊन मागच्या तारखेचा उल्लेख करून पावती लिहून घ्या. मालकांनीही ती मोकळ्या मनाने द्यावी. दोन्ही घरांतली मुले पुढे तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर समोरासमोर बसू नयेत, एवढीच आमची यामागची तळमळ.