धारेच्या दगडाची मजुरी कोणी द्यायची?

आम्ही कापडवाले. गज जरा आखूड निघाला की आमचा सारा हिशोब चुकतो. सुतारकामात गजाचा हा मान धारेच्या दगडाला आहे. पटाशी किंवा रंध्याचे पाते कितीही चांगल्या पोलादाचे असो, दगड मधोमध खोलगट झाला की धार सरळ येत नाही. पाते गोलावते, पटाशीची पाठ सपाट राहत नाही, सांधा नीट बसत नाही. मग खिळे आणि पुट्टीने उणीव झाकली जाते. असे गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही.

कारण साधे आहे. घाईत कारागीर दगडाच्या मधल्या जागेवरच घासतो. उपायही स्वस्त आहे. सपाट फळीवर जाड काच ठेवावी, तिच्यावर 120 नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरावा. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारून तो घासावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. तेलावर चालणारा दगड काळ्या मळाने भरला तर रॉकेल व ब्रशने धुवावा. पाण्याच्या दगडावर तेल कधी टाकू नये. दर आठवड्याला थोडे घासले तर वर्षाअखेरीस दगड फेकावा लागत नाही.

पण अनेक ठेकेदार या वेळेला कामचुकारपणा समजतात. नगावर मजुरी घेणाऱ्याला तर ती पदरची पडते. आमच्या मते मालकाने आठवड्याचा अर्धा तास दगडासाठी मजुरीत धरावा. तो खर्च मालाच्या सफाईतून वसूल होतो.

2023 साली सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतारासह 18 व्यवसाय आहेत. हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्या तरुणांनी तिचा फायदा जरूर घ्यावा. मात्र खराब दगडावर नवे हत्यारही लवकरच जुने होते, हे ध्यानात ठेवावे.

आदरणीय जकरिया (अ.) सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. प्रत्येक कामात एहसान, म्हणजे उत्तमता राखावी आणि जिबह करतानाही सुरीला आधी धार लावावी, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. धार लावण्याचा वेळ ज्या मालकाला फुकट गेल्यासारखा वाटतो, त्याने यावर जरूर विचार करावा.