परतीच्या गाडीचं काय?

मैत्रिणींनो, ६ जुलै २०२५ हा दिवस आठवतो? आषाढी एकादशी होती. आपल्या घरी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि टीव्हीवर पंढरपूर. त्याच रात्री तिकडे स्वित्झर्लंडची राजधानी बर्न जागी होती. महिलांच्या युरो फुटबॉल स्पर्धेत यजमान मुलींनी आइसलँडला २-० असं हरवलं. २ ते २७ जुलै चाललेल्या या स्पर्धेला साडेसहा लाखांवर प्रेक्षक आले. बायकांचा खेळ बघायला एवढी माणसं!

मला मात्र खेळाइतकंच कौतुक वाटलं ते प्रेक्षकांच्या चैनीचं. सामना रात्री, मग दिवसभर काय करायचं? बर्नच्या जुन्या पेठेत कमानींखालून कित्येक किलोमीटर सावलीतून फिरता येतं. जुनं घड्याळाचं टॉवर आहे, अस्वलांची बाग आहे. गावाला वळसा घालून आरे नदी वाहते. उन्हाळ्यात लहानथोर, आज्यासुद्धा, तिच्या प्रवाहात अंग सोडून देतात. नदीकाठच्या मार्झिली स्नानगृहात जायला पैसे पडत नाहीत. आणि संध्याकाळ झाली की हजारो माणसं गात-नाचत स्टेडियमकडे पायी निघायची. दिंडीच म्हणा ना!

यातली एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. सामन्याच्या तिकिटातच त्या दिवसाचा रेल्वे-बसचा प्रवास धरलेला होता, तोही देशभरातला. म्हणजे प्रेक्षक घरी कसा पोचणार, याचा विचार यजमानांनी आधीच करून ठेवला होता.

‘त्यांचं काय, पुढारलेला देश!’ असं म्हणाल. पण त्याच स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये. आपल्या आज्या तर पहिल्याच निवडणुकीत मत देऊन आल्या होत्या. आणि इंग्लंड, ज्याच्या मुलींनी ही स्पर्धा जिंकली, तिथे १९२१ पासून जवळजवळ ५० वर्षं बायकांच्या फुटबॉलला संघटनेची मैदानंच बंद होती. तेव्हा हे सगळं आपोआप झालेलं नाही.

आता आपल्याकडे या. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई. आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला आणि संपायला मध्यरात्र झाली. समजा, इंदापूरच्या एखाद्या मुलीला त्या दिवशी तिकीट मिळालं असतं, तर घरातला पहिला प्रश्न काय आला असता? ‘किती रुपये?’ हा नव्हे. ‘सोबत कोण? रात्री येणार कशी?’ हाच. तिकीट हातात असूनही तिचा सामना तिथेच संपला असता.

हे फक्त नवी मुंबईचं नाही हो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात. पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन पहाटे होडीत बसतात. बारामती-इंदापुरातल्या आपण किती जणी ते बघून आलो? बारामतीच्या स्टेडियमवर २०२० मध्ये रणजीचा सामना झाला. प्रेक्षकांत बायका किती होत्या? आपलं फिरणं म्हणजे लग्न, माहेर, दवाखाना आणि देव. मोरगाव, नीरा नरसिंहपूर ‘दर्शनाला’ जाता येतं. नुसतं ‘बघायला’ जायचं म्हटलं की भुवया उंचावतात.

वेळ तरी कुठून आणायचा? केंद्र सरकारच्या २०२४ च्या पाहणीत आढळलं, की बिनपगारी घरकामात बाईची रोजची २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८. तिची विश्रांती त्या फरकातच अडकलीय.

आणि गर्दीची सोय आपल्याला जमत नाही असंही नाही. तुकोबांची पालखी येते तेव्हा काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला आणि इंदापूरला घोडे धावतात. त्या दिवसांत पाण्याचे टँकर येतात, फिरती शौचालयं लागतात, दिवे लागतात, पोलीस उभे राहतात. आणि हजारो बायका बिनघोर चालतात! सोय असली की बाई घराबाहेर पडते, हे आपल्याच रस्त्यावर दरवर्षी सिद्ध होतं. मग ती सोय वारीपुरतीच का?

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, हे फार मोठं काम झालं. पण अर्ध्या तिकिटाला परतीच्या वेळेची जोड हवी. स्वच्छ शौचालय आणि उजेडाचा थांबा हवा. यासाठी मागणी आपणच करायला हवी. भिशीच्या पुढच्या बैठकीत एक अर्ज लिहा, दहा जणींच्या सह्या घ्या आणि आगारात नेऊन द्या. तोवर थांबायचंही कारण नाही. गट जमला तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेता येते. पहाटे निघा, रोहित बघा, होडीत बसा, डबा खा आणि उजेडी परत या.

आणि घरी कुणी विचारलंच, ‘कशाला जाताय?’, तर देवाचं नाव पुढे करू नका. सरळ सांगा, ‘बघायला.’