बहिणीच्या सहीचा प्लॉट

धाराशिवहून तुळजापूरकडे निघालं की रस्त्याकडेच्या रानात चुन्याच्या फक्क्या मारलेल्या दिसतात. काल-परवापर्यंत तिथं हरभरा होता. आता ठरावीक अंतरावर खुणेचे दगड रोवलेत. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेचं काम निघालं आणि पाऊस नाही म्हणून कुणी विचारत नव्हतं त्या मुरमाड जिरायतीचा भाव फुटावर बोलला जाऊ लागला. एजंट एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतो : "टायटल एकदम क्लिअर हाय, साहेब."

क्लिअर झालं कसं, हे घेणारा विचारत नाही. बाप वारला की सातबाऱ्यावर वारस म्हणून लेकींची नावं चढतात. मग घेणाऱ्याचा वकील सांगतो, बहिणींच्या सह्या आणा. दहा वर्षांत जिला पंचमीला कुणी आणायला गेलं नाही, तिच्या दारात एका सकाळी गाडी उभी राहते.

हे ऐकीव सांगत नाही. अशा एका हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अक्का नवी साडी नेसून आल्या होत्या. साडी भावानंच घेतलेली, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. यंत्रावर अंगठा उमटेना, म्हणून कारकुनानं बोट पदरानं पुसायला लावलं, मग कॅमेऱ्यात बघायला सांगितलं. काही शेकड्यांच्या मुद्रांकावर दीड एकराचा वाटा सुटला. "तुझ्या लग्नात दिलंय की समदं," असं भाऊ वाटेत बोलला होता. दिलं होतं ते सासऱ्याच्या हातात, आणि ते घेणं-देणं 1961 पासून गुन्हा आहे. म्हणजे गुन्ह्याची पावती दाखवून हक्क फेडायचा!

या हक्कासाठी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्रानं लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं वाटा दिला तो 1994 साली, देशभर कायदा होण्याच्या अकरा वर्षं आधी. बाप 2005 साली हयात असो वा नसो, वाटा मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. एवढी लढाई जिंकून आपण ती एका साडीवर परत केली.

भाऊ लोभी म्हणून हात झटकू नका. त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे, चार साल दुष्काळात गेलेत. पण घेणारे कोण? 3 जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण करणारे गुरुजी, दवाखान्यात मुलीच्या जन्माचे पेढे वाटणारे डॉक्टर, आणि आमच्यासारखे लिहिणारे. यांना घर बांधायचं नसतं. चार वर्षं प्लॉट तसाच ठेवून दुप्पट करायचा असतो, तोवर त्यात वेडी बाभूळ माजते. व्यवहार ठरला की तुळजाभवानीला नारळ फोडायला मात्र सगळे एका गाडीत जातात. त्या आईसमोर उभं राहताना अक्कांचा अंगठा आठवत नाही, याचं मला नवल वाटतं. आठवला असता तर खरेदीखतात बहिणींनाही पैशाचा वाटा लिहून घेणं अवघड नव्हतं. घेणाऱ्यानं तेवढी अट घातली असती तर भावाला ऐकावंच लागलं असतं.

कचेरीचा जिना उतरताना अक्कांनी मला थांबवलं. "दादा, आपलं रान कुठवर व्हतं, मला कधी दावलंच न्हाई कुणी. बांधावरची चिंच गेली का त्यात?"

गेली होती. मी नकाशा पाहिला होता. तिथं "खुली जागा" लिहिलं होतं.